जीपवरची रुखिया

रुखियाचा आवाज बापावर गेला होता. बीरान मोपेडवर मासे विकायचा. पुलापलीकडून त्यानं ‘तारलीऽऽ, ताजी तारली’ अशी हाक दिली की गल्लीतली मांजरं बायकांच्या आधी फाटकापाशी येऊन बसत. त्याच्या गळ्यात तो आवाज शोभायचा. पोरीच्या गळ्यातही तोच आला, तेव्हा सगळ्यांचीच पंचाईत झाली. मदरशात एकत्र पठण असलं की उस्ताद तिला नुसते ओठ हलवायला सांगत. घरी उम्मा, म्हणजे तिची आई बीयुम्मा, सारखी म्हणे, “हळू गं बाई! आपल्याकडे आज मीठ संपलंय ते नदीपल्याड कळलं.”

बापाला मात्र कौतुक. भातकापणी झाली की मोकळ्या शेतात सेवन्स फुटबॉलचे सामने लागत. एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला सात, आणि सुपारीच्या खांबांवर उभारलेल्या फळ्यांवर सारा मुलूख. बीरान लेकीला खांद्यावर बसवून न्यायचा आणि म्हणायचा, “ओरड, रुखिया! इथं तुला कुणी गप्प म्हणणार नाही.”

ती दहावीत असताना बीरान गेला. मोठा भाऊ शौकत जेद्दाला कामाला लागला. रुखियानं शिक्षिकेचा कोर्स केला, पण दोन शाळांनी मुलं घाबरतील म्हणून परत पाठवलं. मग मंजेरीतल्या एका कापडाच्या दुकानात लागली. गिऱ्हाइकाशी कुजबुजल्यासारखं बोलायचं, असा मालकाचा नियम. तिचं कुजबुजणं गल्ल्यापर्यंत जाई. तीही नोकरी सुटली. पुढं एका दवाखान्यात फोनवर नंबर लावायचं काम मिळालं. तिथं लोक तिला ‘सर’ म्हणत. एकदा एका म्हातारीनं तिला डॉक्टर समजून लाजत लाजत सगळं दुखणं सांगितलं. रुखियानं ते नीट ऐकून घेतलं आणि बाईडॉक्टरकडे नंबर लावून दिला. पण वरच्यांनी तिला फोनवरून काढून फायली लावायला बसवलं आणि वर्षभरात तेही बंद केलं.

लग्नाचं तर विचारूच नका. पाहुणे आले तेव्हा उम्मानं बजावलं होतं, “चहा ठेव, मान हलव, तोंड उघडू नकोस.” रुखियानं तसंच केलं. सगळ्यांना पसंत पडली. आठवड्यानं मुलाचा फोन आला. दोघं पाच मिनिटं बोलली असतील. दुसऱ्या दिवसापासून त्यानं फोन उचलला नाही. त्यानंतर कितीतरी दिवस रुखिया घरातसुद्धा खुणेनंच बोलायची. हळू बोल म्हणणारी उम्माच मग स्वयंपाकघरात डोळे पुसत म्हणायची, “अगं, काहीतरी बोल ना.”

ती एकोणतीस वर्षांची झाली त्या वर्षी आरोग्य केंद्रातली नर्स ओमना घरी आली. बायकांच्या कॅन्सर तपासणीचं शिबिर होतं. जीपवरून गावोगाव पुकारा करायचा, पण पुकारा करणारा गडी ‘छातीतली गाठ’ हे शब्द माइकवर बोलायला तयार नव्हता.

“तू येशील का गं?” ओमनानं विचारलं. “सकाळी कोंबड्यांना शिव्या देतेस ते माझ्या घरापर्यंत येतं.”

रुखिया तयार झाली. वेलायुधन एट्टनची, म्हणजे वेलायुधनदादाची, जुनी जीप, टपावर दोन कर्णे. पहिल्या दिवशी ओमनानं लिहून दिलेला कागद तिनं रेडिओवरच्या बाईसारखा आवाज बारीक करून वाचला. ‘समस्त माताभगिनींना नम्र निवेदन.’ गावामागून गाव गेलं, एकही दार उघडलं नाही.

संध्याकाळी एट्टन म्हणाला, “पोरी, मयताची बातमी देतेस की काय? मलाच झोप लागत होती, आणि गाडी मी चालवत होतो.”

“मग काय करू?”

“मला काय विचारतेस? सकाळी गाय रस्त्यात बसली होती तेव्हा बोललीस तसं बोल. गाय बघ कशी उठली.”

दुसऱ्या दिवशी तिनं कागद सीटखाली सरकवला. पहिल्याच वळणावर विहिरीपाशी चार बायका दिसल्या. रुखियानं माइक तोंडाशी धरला.

“अहो नबीसात्ता, बादली भरून वाहतेय, बंद करा ती मोटर! नवऱ्याला साधी शिंक आली तर तुम्ही काढा उकळता. स्वतःच्या छातीत गाठ लागली तर कुणाला सांगणार? कोंबडीला? उद्या दहा वाजता शाळेत या. तपासायला बाईच आहे, बाप्या आत येणार नाही. आला तर मी दारात उभी आहे!”

विहिरीवर हशा पिकला. पडद्यांआडून तोंडं बाहेर आली. शिबिराच्या दिवशी शाळेचं मैदान बुरख्यांनी आणि साड्यांनी भरून गेलं, ओमनाला फॉर्म कमी पडले. नबीसात्ताही आली आणि रांगेत सगळ्यांना सांगत राहिली, “मला नाव घेऊन बोलावलंय.”

त्या दिवशी घरी जाताना रुखिया एट्टनला म्हणाली, “मला सेवन्सचा पुकारा करायचाय.”

सामने भरवणाऱ्या क्लबचा सेक्रेटरी अलवी हाजी चहाच्या टपरीवर बसला होता. ऐकून त्यानं पेला खाली ठेवला. “फुटबॉल? बाई? ऑफसाइड म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का?”

“सेवन्समध्ये ऑफसाइड नसतोच, हाजी,” रुखिया म्हणाली. “इतकी वर्षं क्लब चालवताय, तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

टपरीवरची माणसं इतकी हसली की हाजीला नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. एक दिवस दिला. त्या दिवशी रुखिया नदीकाठच्या रस्त्यानं ओरडत गेली, “पल्याडच्या लोकांनो, तुमचा गोलकीपर मागच्या वर्षी आमच्या गोलाला सलाम ठोकून उभा होता. या वर्षी तरी हात हलवायला सांगा! येताना रुमाल आणा, आमच्याकडे पुरणार नाहीत.” संध्याकाळी पल्याडची माणसं होड्या भरभरून आली. फळ्यांवर जागा उरली नाही. हाजीनं पूर्ण हंगामाचं काम दिलं, आणि तिथून वंडूर, अरीकोड, सगळीकडून बोलावणी सुरू झाली.

तिच्या पुकाऱ्याचा व्हिडिओ फिरत फिरत जेद्दाला पोचला. शौकतचा फोन आला. “बाईमाणसाचा आवाज गावोगाव फिरवायचा? इथं लोक मला दाखवून हसतात.”

उम्मानं रुखियाच्या हातून फोन ओढून घेतला. “तुझ्या बापाचा आवाज गावोगाव फिरला म्हणून तुझ्या व्हिसाचे पैसे जमले. आता फोन ठेव, तिला उशीर होतोय.”

शौकत दोन वर्षं बहिणीशी बोलला नाही. उम्माला फोन करी, तिचं नाव काढत नसे. रुखियाला ते लागायचं; दादाला ती ‘इक्का’ म्हणे. जीपवरून साऱ्या मुलखाला हसवून ती घरी आली की आधी उम्माला विचारी, “इक्काचा फोन आला होता?” लग्नाची स्थळंही आली, पण काम सोडायची अट घालून. तिनं कुणालाच हो म्हटलं नाही. एट्टनला जीपची दुरुस्ती परवडेना तेव्हा तिनं त्याच्याकडून जीप विकत घेतली, आणि चालवायला म्हणून त्यालाच हट्टानं ठेवून घेतलं.

शौकत रजेवर आला. पहिले चार दिवस घरात नुसती भांड्यांची आदळआपट ऐकू येत होती. पाचव्या सकाळी रुखिया न्याहारीला पुट्टू खाऊन उठली, तेवढ्यात तो दाराशी येऊन म्हणाला, “आज कुठं?”

“मंजेरीकडून वंडूर.”

“मला मंजेरीला सोड. बँकेत काम आहे.”

“मी वाटेत बोलत जाणार, इक्का.”

“जा ना. मी कुठं नको म्हणतोय?”

तो मागच्या सीटवर, बरोबर कर्ण्यांच्या खाली बसला. पुलापाशी रुखियानं माइक हातात घेतला, एकदा मागं वळून पाहिलं आणि सुरू झाली. शौकतनं कानांवर हात नेले. मग कोपऱ्यावरचा कुणीतरी जीपकडे बघून हात हलवू लागला, तेव्हा त्यानंही एक हात कानावरून काढून हलवला.