तोंडावर म्हणा

मुरुम गावच्या शाळेत मी आयुष्यभर मराठी शिकवलं. वर्गात कुणी कुणाबद्दल पाठीमागं वाईट बोललं, की मी दोघांना समोरासमोर उभं करायचो. "आता ह्याच्या तोंडावर म्हण," एवढंच सांगायचो. बहुतेकांची मान खाली जायची.

परवा निवडणुकीच्या प्रचारात एका पुढाऱ्याचं भाषण गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. मुसलमानांच्या दुकानात पाऊल टाकू नका, ती माणसं आपली नव्हेत, असं तो बेधडक बोलत होता. ऐकून माझं डोकंच फिरलं. त्याहून जास्त संताप आला खालचे पसंतीचे अंगठे बघून. वरवर नावं चाळली, तर सगळे माझेच विद्यार्थी!

त्याच तिरीमिरीत मी सदरा शिवायला टाकायला गेलो. आमचा टेलर मुसलमान, माझाच जुना विद्यार्थी, आणि त्याच ग्रुपमधला. तो मुकाट्यानं माप घेत होता आणि मी तावातावानं बोलत होतो, "लाजा कशा वाटत नाहीत रे ह्यांना? हेच शिकवलं का मी?"

"सर, तुमचाबी अंगठा हाय त्यात," तो हळूच म्हणाला.

मोबाईल बघितला. खरंच होता. गावातल्या कुणीही काही टाकलं, की त्याला वाईट वाटू नये म्हणून मी न बघताच अंगठा देऊन टाकतो. सकाळी तसाच दिला होता, भाषण ऐकलं ते दुपारी.

"अरे, मी ऐकलंच नव्हतं तेव्हा," मी चाचरत म्हणालो.

त्यानं टेप गळ्यात अडकवला आणि वर्गात राहायचा तसा माझ्यासमोर ताठ उभा राहिला.

"म्हणा सर आता," तो म्हणाला. "माझ्या तोंडावर."