धोटा ज्याच्या हातात, तो बोलणार

आमच्या शुक्रवारच्या बैठकीतला एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्यामागून दुसरा आलाच म्हणून समजा. सांगू किती आणि ठेवू किती, असं होतं!

आम्ही म्हणजे तुरुंगातून सुटून आलेली नऊ माणसं. आत जे भोगलं ते बाहेर आल्यावरही मानगुटीवर बसलेलं असतं, म्हणून एकमेकांना सांगायचं, एकमेकांचं ऐकायचं. एका समुपदेशक मॅडमनी हे कसं करायचं ते शिकवलं आणि म्हणाल्या, "आता तुमचं तुम्ही चालवा." ते काम माझ्या गळ्यात पडलं. जागा कामतघरची, लूमच्या कारखान्यातली मुकादमाची जुनी केबिन. लूमकडची भिंत पूर्ण काचेची. शुक्रवारी लूम बंद, म्हणून शांत. नियम एकच, मागावर सूत इकडून तिकडे नेणारा जुना लाकडी धोटा ज्याच्या हातात असेल त्याने बोलायचं.

*

पहिल्या दिवशी मी आत वाट बघत बसलो. अर्धा तास झाला, कोणी येईना! वैतागून दार उघडलं तर आठही जण बाहेर रांगेत उभे.

"अहो, दार नुसतं लोटलेलं होतं!"

"होगा," सलीमभाई म्हणाले, "लेकिन खोला किसी ने नहीं ना."

सात वर्षं आत काढलेला माणूस. मी हसणार होतो, तेवढ्यात आठवलं, मी स्वतःही वॉचमन शंकरमामांनी दार उघडल्यावरच आत शिरलो होतो.

*

एकदा चहा मागवायला मी मोठ्याने मोजू लागलो, "एक, दोन, तीन..." वर बघतो तर सगळे खुर्च्या सोडून जमिनीवर, दोन-दोनच्या जोडीने उकिडवे! आत गिनती अशीच होते.

मग सलीमभाई ओरडले, "अरे उठो यार, चाय की गिनती है!"

हसून हसून पुरेवाट झाली. तेव्हापासून चहा अंदाजाने मागवतो आणि दरवेळी दोन कप उरतात.

*

शंकरमामांच्या कमरेला किल्ल्यांचा मोठा जुडगा. एकदा ते काचेपलीकडून खळखळ करत गेले आणि बोलणाऱ्याचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. सगळ्यांच्या माना खाली. मामांनी एकदा आत पाहिलं आणि पुढे गेले.

पुढच्या शुक्रवारी जुडगा रुमालात घट्ट गुंडाळलेला! त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. मी तर मनातल्या मनात हात जोडले.

*

एक साहेब बैठक बघायला आले. सगळं ऐकून म्हणाले, "छान. पण इथे क्वालिफिकेशन कोणाचं आहे?"

सलीमभाई उठून उभे राहिले. "सात साल, साहब!"

साहेबांनी वही मिटली आणि बैठक संपेपर्यंत ऐकत बसले.

*

आता वळ गावचे काळूराम. आठ महिने एक शुक्रवार चुकवला नाही, पण धोटा हातात आला की अंगठ्याने पुसायचे आणि पुढे द्यायचे. तोंडातून अक्षर नाही.

गेल्या शुक्रवारी त्यांची मुलगी मनाली सोबत आली. नर्सिंगला नाशिकला निघाली होती. तिचा आवाज चढलेला होता.

"उद्या चालले मी. आप्पा सुटून आल्यापास्नं माझ्याशी एक शब्द बोललं नाय. मुलाकातीला जायची तवा येळ संपल्याची घंटी होईपर्यंत बोलायचं. आता मी नकोशी झाले का?"

काळूराम धोटा पुसत राहिले.

"मुलाकात कशी व्हायची?" मी विचारलं.

"मधी काच. ते आत, मी बाहेर. फोनवर..."

ती थांबली. एकदम उठली, बाहेर गेली आणि काचेपलीकडे बंद लूमजवळ उभं राहून मोबाइल कानाला लावला. काळूरामांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी धोटा मांडीवर ठेवला आणि फोन कानाला लावला.

"हां, मना," ते म्हणाले. "जेवलीस का?"

आणि मग बोलतच राहिले! तिच्या बारावीबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल, होस्टेलमधल्या पाण्याबद्दल. घरात ती समोर आली की बोलणंच कसं सुचत नाही, तेही बोलले. सलीमभाई तर उघड उघड रडत होते. एवढ्या बैठकांत मी असं काही पाहिलेलं नाही.

मध्येच काळूराम दचकले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून घाईघाईने म्हणाले, "मना, मिनटं किती राहिली?"

तिने काचेवर तळवा टेकला.

"आज घंटी नाय व्हायची, आप्पा. बोला."