हातभर वर बसलेली मोरी

आधीच सांगतो, मी गोडबोल्या माणूस नाही. निचरा मंडळाचं खोदायचं मशीन चालवून मला वीस वर्षं झाली, आणि चरात कचरा टाकणाऱ्या प्रत्येकाशी माझं एकदा तरी वाजलेलं आहे. त्यामुळं वहिनीबद्दल चार शब्द चांगले बोललो तर ते नात्यापोटी समजू नका. ती घरात माझी वहिनी आणि कामावर माझी साहेब. घरात भाऊजी म्हणून हाक मारते. ऑफिसात नुसता कामाचा कागद पुढं सरकवते आणि बघते. त्या बघण्याला मी जास्त घाबरतो.

आमच्याकडची जमीन सपाट. पाणी आलं की पाहुण्यासारखं बसून राहतं, उठायचं नाव नाही. म्हणून आजोबांच्या पिढीनं वरच्या शेतांपासून थेट नदीपर्यंत एक मोठा चर खणला. तो साफ ठेवायचा, ढासळलेल्या कडा बांधून घ्यायच्या, रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्या मोकळ्या ठेवायच्या आणि बत्तीस शेतकऱ्यांची भांडणं सोडवायची, हे मंडळाचं काम. खरं तर भांडणं आधी सांगायला हवी होती. वरच्याला वाटतं पाणी कालच जायला हवं होतं, खालच्याला वाटतं ते आपल्याकडं यायलाच नको.

मंडळाचं ऑफिस म्हणजे बियाणांच्या दुकानावरची एक खोली. लोखंडी कपाट, भिंतीवर चराचा नकाशा, दाराशी गमबुटांची रांग. वहिनी तेव्हा खालच्या दुकानात कामाला होती. जुन्या सेक्रेटरींचे गुडघे गेले आणि जागा रिकामी झाली. मंडळ सगळ्यांना हवं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी पुढं येईना. वहिनी म्हणाली, मी बघते. पिठाच्या गिरणीचा मालक भर बैठकीत हसला, बाईमाणूस चरात उतरणार का म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती मोज्यांचे दोन जोड घालून पुरुषी मापाच्या गमबुटात उतरली आणि गिरणीच्या मागच्या भागापासूनच पाहणी सुरू केली. तिथं काय काय सापडलं ते मी सांगत नाही, गिरणीवाला अजून माझ्याशी बोलतो.

माझा भाऊ शिंपी आहे. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळं बोलणं बेताचं. लोक त्याला चिडवायचे, बायको चिखलात आणि नवरा सुईदोऱ्यात. तो टाचण्या काढून म्हणायचा, दोघांचंही काम सरळ रेषेत चाललं म्हणजे झालं.

तर पहिल्याच वर्षी वरच्या रस्त्याची मोरी फुटली. नवा पाइप टाकायचा होता. वहिनीनं चरात मोजकाठी धरून तळ मोजला, आकडा लिहून मला दिला, आणि मी त्या आकड्याला बरोबर पाइप बसवला. अगदी बोटभरसुद्धा इकडंतिकडं नाही. तेव्हा मला त्या कामाचा अभिमान होता हे कबूल करतो.

त्या मोरीच्या लगेच वरच्या बाजूला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं रान आहे. दोनतीन वर्षांत त्याच्या रानाचा खालचा निम्मा भाग ओला राहायला लागला. मग मातीवर पांढरे डाग आले, मग मका गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायला लागला. तो ऑफिसात आला. वहिनीनं चर बघितला, वाहत होता. तिनं त्याला ऑफिसातल्या सगळ्यांसमोर समजावून सांगितलं की काका, तुम्ही पाणी जास्त देताय, जमीन किती पिणार. गिरणीवाल्यानं ते ऐकलं, आणि महिन्याभरात त्याचं नाव तळेकाका पडलं. खोटं कशाला बोलू, मीही तेच म्हणायचो. बांधावरून हाक मारायची, काय तळेकाका, मासे लागले का? तो हात वर करायचा आणि कामाला लागायचा.

मोरी बसवून अशी अकरा वर्षं झाली. वहिनीनं या काळात चर असा चालता ठेवला की नावं ठेवणाऱ्यांना नावं ठेवायला जागा उरली नाही. साफसफाई नेहमी नदीच्या तोंडाकडून वर, हा तिचा नियम. वरून सुरू केलं तर खालच्याच्या दारात सगळ्यांचा गाळ जातो. जोरात बोलणारा आधी आणि मुकाट माणूस नंतर, हे तिनं बंद केलं. मात्र तळेकाका इतका मुकाट होता की तो तिच्या यादीत कुठंच आला नाही.

गेल्या वर्षी त्याचा अर्ज आला. चार ओळींचा. रानाचा खालचा भाग आता पिकत नाही, तो मी सोडून देत आहे, मंडळाच्या यादीतून कमी करावा. बस. तक्रार नाही, रडगाणं नाही. बाहेरच्या एका माणसाला तो तुकडा विकायचं ठरलं होतं, तिथं तो गोदाम बांधणार होता. महिनाअखेरीला व्यवहार पुरा होणार होता.

अर्ज आला की सेक्रेटरीनं हद्दीवर जाऊन चराचं माप घ्यायचं, असा नियम. म्हणून आम्ही दोघं गेलो. मोजकाठी त्या दिवशी नेमकी दुसरीकडं अडकली होती, म्हणून मी मशीनमधली बारीक लोखंडी सळई दिली. वहिनीनं ती मोरीच्या तोंडाशी टेकवली आणि जरा जोर दिला. सळई आत गेली. आणखी जोर दिला, आणखी गेली. हातभर आत जाऊन कशाला तरी खणकन लागली. तिनं चार ठिकाणी तेच केलं. चारही ठिकाणी हातभर खाली दगड. जुन्या मोरीची फरशी होती ती. चराचा खरा तळ.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला, तिच्या लगेच आलं. अकरा वर्षांपूर्वी तिनं जाड काठी गाळावर टेकवली होती. गाळ उन्हानं इतका घट्ट झाला होता की तिला तोच तळ वाटला. म्हणजे मोरी हातभर वर बसली होती. वरून पाणी वाहताना दिसायचं, पण खालचं हातभर पाणी अकरा वर्षं त्या रानाच्या कडेला थांबून होतं. म्हातारा काही जास्त पाणी देत नव्हता. आम्हीच त्याचं पाणी अडवून धरलं होतं.

ती चराच्या कडेला बसली. मी इतक्या वर्षांत तिला तिथं बसलेली कधी बघितली नव्हती.

मी तोंड उघडलं आणि नको ते बोललो. म्हटलं, वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. पाइप जुना झाला, बदलायला हवा, असं लिहू. गुपचूप खाली घेऊ. म्हाताऱ्याचं रान सुटेल, कुणाला काही कळणार नाही. पुढच्या आठवड्यात वार्षिक सभा होती, सेक्रेटरीची निवडही त्याच दिवशी. गिरणीवाला आपल्या भाच्याला घेऊन टपलेलाच होता. आणि पाइप मी बसवला होता, तेही होतंच की. चोराच्या मनात चांदणं.

ती म्हणाली, "भाऊजी, रान सुटेल. पण ते जास्त पाणी देतात असं मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं. ते कसं सुटणार?"

मी चिडलो. हे हात दाखवून अवलक्षण कशाला, असं बरंच काही बोललो, घरी जाऊन भावासमोरही बोललो. भावानं टाचण्या काढल्या, वहिनीकडं बघितलं, आणि सभेला जायच्या साडीला इस्त्री करून ठेवतो एवढंच म्हणाला. मला त्या घरात कुणी साथ देत नाही.

सभा शाळेच्या मोठ्या खोलीत होती. बुटक्या बाकांवर थोराड माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. वहिनी उभी राहिली आणि कसलीही प्रस्तावना न करता सगळं सांगितलं. माप मी चुकवलं. गाळाला तळ समजले. काकांचं रान त्यामुळं गेलं, आणि वर मी त्यांनाच दोष दिला. भाऊजींनी पाइप मी दिलेल्या मापानं बसवला, त्यांची चूक नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मीही उठलो आणि म्हणालो की मशीन चालवताना फरशी मला लागायला हवी होती, मी खोल गेलोच नाही. माझा आवाज नको तितका मोठा निघाला.

गिरणीवाला उठलाच. अशा माणसाच्या हातात मंडळ कसं ठेवायचं, वगैरे. बाकीचे खाली बघत होते. मग मागच्या बाकावरून तळेकाका उभा राहिला. अकरा वर्षांत सभेत त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

तो म्हणाला, "निवडणूक नंतर करा. आधी ती मोरी खाली घ्या." मग वहिनीकडं वळून म्हणाला, "आणि बाई, तुम्ही माझ्या घरी या. हे सगळं माझ्या बायकोला सांगा." एवढं बोलून तो निघून गेला.

मोरीचं काम चार दिवस चाललं. रस्ता फोडला, पाइप काढला, फरशी मोकळी केली. वहिनी सळई घेऊन दर तासाला खाली उतरत होती. मी रागावलो तरी उतरत होती. चौथ्या दिवशी दुपारी नवा पाइप फरशीवर बसला आणि वरच्या बाजूला पाणी अडवायला घातलेला मातीचा बांध काढला. काळं, वास मारणारं पाणी आधी हळूहळू आणि मग धो धो निघालं. तळेकाकाच्या रानाच्या कडेनं बारीक बारीक धारा चरात उतरायला लागल्या. माती स्वतःहून पाणी सोडत होती. मी मशीनवरून उतरलो आणि बघतच राहिलो. खरं सांगतो, डोळे भरून आले.

आम्ही तसेच, चिखलाचे, त्याच्या घरी गेलो. काकू ओट्याशी कांदे निवडत बसल्या होत्या. तळेकाका खुर्चीत. वहिनीनं बसायलाही नकार दिला आणि उभ्यानंच सगळं पहिल्यापासून सांगितलं. काका पाणी जास्त देत नव्हते. रान त्यांच्यामुळं नाही, माझ्यामुळं बिघडलं.

काकूंच्या हातातला कांदा तसाच राहिला. त्या नवऱ्याकडं वळल्या. "इतकी वर्षं मी तुम्हाला घालूनपाडून बोलले. जेवताना बोलले, पाहुण्यांसमोर बोलले. एकदा तरी म्हणायचं होतं की मी नाही केलं."

तळेकाका खुर्चीत पुढं सरकला. मग म्हणाला, "मला कुठं माहीत होतं? मलाही वाटत होतं, माझंच चुकतंय. म्हणून दरवर्षी पाणी कमी करत गेलो. वरचा मका चांगला होता, त्यालाही तहानेला ठेवला."

मला त्याला बांधावरून मारलेली एकेक हाक आठवली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनी पुढं झाली आणि काकूंशेजारी जमिनीवरच बसली, चिखलाच्या कपड्यांनी. काकूंनी तिचा हात धरला. रागानं की कशानं ते मला कळलं नाही, पण बराच वेळ सोडला नाही.

पुढं जमिनीचा व्यवहार काकूंनीच मोडला. गोदामवाल्याला दारातूनच परत पाठवलं म्हणतात. निवडणूक पंधरा दिवसांनी झाली. वहिनीच निवडून आली. विरोधात सात मतं पडली, त्यातलं एक तिचं स्वतःचं होतं. गिरणीवाल्याच्या भाच्याला मी आता मशीनवर शिकवतो, मुलगा वाईट नाही. खालचं रान पूर्ण सुधारायला दोनतीन वर्षं लागतील. पांढरे डाग एका दिवसात जात नाहीत.

पण त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा तळेकाका आमच्याबरोबरच बाहेर पडला. काकूंनी विचारलं, आता कुठं निघालात. तो सरळ वरच्या मक्यापाशी गेला, पाण्याचा नळ धरला आणि दोन्ही हातांनी शेवटपर्यंत उघडला. पाणी सरीतून पळत निघालं. त्यानं पायातल्या वहाणा काढल्या आणि तो सरीतच उभा राहिला. काकू दारातून ओरडल्या, "सोडा, भरपूर सोडा."