सहा टेबलांवर एकच फोन

आमच्या दूध संघाच्या कार्यालयात पूर्वी एकच फोन होता आणि तो माझ्या टेबलावर होता. नंबर जुना. गावोगावच्या संकलन केंद्रांच्या भिंतींवर रंगवलेला, दरवर्षीच्या कॅलेंडरवर छापलेला. कोल्हारच्या आसपासच्या दहा-बारा गावांत कुणाची गाय आजारी पडली की लोक याच नंबरावर फोन करायचे. मी वहीत गाव, वस्ती, नाव आणि जनावराची तक्रार लिहून घ्यायची आणि आमच्या जनावरांच्या डॉक्टरांना मोबाईलवर कळवायची. बारा वर्षं हेच काम केलं. पलीकडून आधी विचारलं जायचं, "कोन बोलतंय?" मी सांगितलं की काहींचा पुढचा प्रश्न असायचा, "आडनाव काय?" आडनाव ऐकून ते मनातल्या मनात काय ती जुळवाजुळव करायचे आणि मग गाईचं सांगायचे. दारात गाय तापानं फणफणली असताना लोकांना एवढी सवड कशी मिळते, याचं मला नवल वाटायचं. पण त्यांचीही तक्रार मी लिहून घ्यायचीच.

मग नवे साहेब आले. ते पुण्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"यंत्रणा एका माणसावर अवलंबून असता कामा नये," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "उद्या मॅडम रजेवर गेल्या तर?"

मी रजेवर गेले की आमचे शिपाईमामा फोन घ्यायचे आणि वहीत माझ्यापेक्षा सुवाच्य अक्षरात लिहून ठेवायचे. पण साहेबांनी कधी ती वही उघडलीच नव्हती, त्यांना हे सांगून काय उपयोग होता?

नगरहून एक तंत्रज्ञ आला. त्यानं दोन दिवस भिंतींना भोकं पाडली आणि सहा टेबलांवर सहा नवे काळे फोन बसवले. साहेबांची केबिन, डॉक्टरांची खोली, प्रयोगशाळा, गोदाम, आमचे सर्वांत जुने कारकून म्हणजे भाऊसाहेब, आणि मी. माणूस शहाणा होता, त्यानं नीट समजावलं.

"एकच एक्स्टेंशन सहाही फोनवर टाकलंय. कॉल आला की सगळीकडे वाजणार. जो आधी उचलेल, त्याला कॉल. बाकीच्यांकडे हा लाल दिवा लागेल. होल्डवर ठेवलात तर दिवा लुकलुकेल, मग तो कॉल दुसऱ्या कुठल्याही टेबलावरून घेता येईल."

"म्हणजे उचलायचा कुणी?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"कुणीही."

तो शब्द साहेबांना फार आवडला. "कुणीही!" त्यांनी तो दोनदा म्हणून बघितला. मग नारळ फोडला, सहाही फोनला हळदकुंकू लावलं. माझ्या फोनच्या बटणांच्या फटीत कुंकू अडकलं, ते टाचणीनं काढावं लागलं.

पहिला आठवडा सगळ्यांना खेळणं मिळाल्यासारखा गेला. घंटा वाजली की सहा हात एकदम पुढे. भाऊसाहेब तर खुर्चीवरून अर्धे उठायचे. पण फोन पकडणं वेगळं आणि पलीकडच्या माणसाचं ऐकून घेणं वेगळं. म्हशीचं नाव काढलं की ते घाईनं होल्डचं बटण दाबायचे. दिवा लुकलुकायचा. प्रयोगशाळेतल्या बाई तो कॉल घ्यायच्या, "बोला, काय काम होतं?" त्यांनाही ते नको असायचं, पुन्हा होल्ड. एका म्हाताऱ्या बाबांनी आपल्या म्हशीची कास सुजल्याचं तिघांना सांगितलं. चौथी मी. ते म्हणाले, "ताई, आता तुमीबी इचारणार का पहिल्यापासनं?"

दुसऱ्या आठवड्यात कुतूहल संपलं. घंटा वाजली की भाऊसाहेब कागदात डोकं घालायचे. गोदामवाला बाहेर सटकायचा. डॉक्टर आपल्या खोलीत बसून म्हणायचे, "मॅडम घेतील." साहेब तर उचलणारच नव्हते. सहा फोन एका सुरात वाजायचे आणि गप्प व्हायचे. साहेबांना मात्र कामकाज सुधारलं असं वाटत होतं, कारण तक्रारींची वही रिकामी दिसायला लागली होती.

आणि मी काय करत होते? इथे मला स्वतःला वगळता येत नाही. मला राग आला होता. बारा वर्षं जे काम मी निमूट केलं, ते सगळ्यांसमोर माझ्याकडून काढून 'कुणीही' नावाच्या माणसाला दिलं होतं. मग आता उचलू दे त्यालाच. मी ठरवून बसायची. घंटा मोजायची. दहा झाल्या की फोन आपोआप बंद पडतो, हे मला त्यामुळेच कळलं. वर तोंडावर असा भाव, की मी महत्त्वाच्या कामात आहे.

त्या मंगळवारी सकाळपासून फोन फार वाजत होता. वाजायचा, बंद पडायचा, पुन्हा वाजायचा. मी मोजत होते. अकराच्या सुमाराला एक बाई आत आली. चाळिशीची असेल, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत शेणामातीनं भरलेले. दुधाच्या टेम्पोत बसून आली होती. दारातच थांबून तिनं आधी माझ्याकडे, मग भाऊसाहेबांकडे पाहिलं.

"फोन बिघडलाय का तुमचा?"

"नाही," भाऊसाहेब म्हणाले. "नवीन आहे."

"मग उचलीत का न्हाई? तांबडं फुटल्यापासनं लावतीया. पहिलारू गाय हाय माझी, विताना अडलीया. डाक्टर कुठं हाय?"

मी उठणार एवढ्यात फोन वाजला. सहाही वाजले. आतल्या खोलीतला, प्रयोगशाळेतला, केबिनमधला, सगळे. आणि ती बाई समोर उभी असतानाही आम्ही काय केलं? भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाऊसाहेबांकडे पाहिलं. सवय इतकी पक्की झाली होती.

बाईनं दोन घंटा ऐकल्या. मग सरळ भाऊसाहेबांच्या टेबलाशी गेली आणि शेणाच्या हातानं फोन उचलला.

"हां, बोला. कोन?" तिचा आवाज एकदम बदलला. "अगं, मीच हाय. व्हय, पोचले… न्हाई, हायेत की. समदी हितंच हायेत. बसलीत."

तिच्या वस्तीवरूनच फोन होता, तिच्या जावेचा. बाई ऐकत राहिली आणि ऐकताना खाली बसली. "दोन पाय आलेत? आन् डोकं?… डोकं न्हाई?"

त्या वेळी डॉक्टर दारात येऊन उभे राहिले होते. घंटा थांबून कुणीतरी बोलतंय, याचंच त्यांना आश्चर्य वाटलं असावं. पण 'डोकं नाही' एवढं ऐकून त्यांनी काही विचारलं नाही. पेटी घेतली, बाईला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि गेले. भाऊसाहेब रुमालानं फोन पुसत बसले. म्हणाले, "लोकांना कार्यालयात कसं वागावं, काही कळत नाही." मला त्यांच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटलं. पण कुठल्या तोंडानं फेकणार होते?

डॉक्टर दोन वाजता परतले. नळाखाली बराच वेळ हात धुतले. मग माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "मान मागं वळली होती. गाय वाचली. वासरू गेलं, कालवड होती. दोन तास आधी गेलो असतो तर…" सकाळी आठपासून ते आपल्या खोलीतच होते, फोनपासून हातभर अंतरावर. मी तिथून वीस पावलांवर. हे दोघांनाही माहीत होतं.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी बैठक घेतली. त्यांना वासराचं वाईट वाटलं की नाही ते कळलं नाही, पण बाईनं परवानगीशिवाय कार्यालयाचा फोन उचलला याचं वाईट वाटलं होतं. "जबाबदारी सामूहिक आहे," ते म्हणाले आणि वेळापत्रक काढलं. सोमवारी कोण, मंगळवारी कोण. ते पहिल्या आठवड्यातच कोलमडलं, कारण सोमवारवाला रजेवर होता आणि साहेबांनी स्वतःचं नाव कुठल्याच वारी घातलं नव्हतं.

शेवटी मी नगरच्या त्या तंत्रज्ञाला माझ्या मोबाईलवरून फोन केला. "बाकी पाच फोनची घंटा बंद करता येते का? दिवा राहू दे."

तो हसला. "येते की. पण साहेबांची परवानगी?"

"त्यांना दिवा दिसला म्हणजे झालं."

तो एका दुपारी येऊन अर्ध्या तासात काम करून गेला. तेव्हापासून घंटा माझ्याच टेबलावर वाजते आणि मी पहिल्या-दुसऱ्या घंटेला उचलते. मी नसले की शिपाईमामा उचलतात. कुणाच्याही लक्षात आलं नाही. पाहुणे आले की साहेब अजून आपल्या टेबलावरचा लाल दिवा दाखवतात आणि म्हणतात, "बघा, आमचा कर्मचारी आत्ता शेतकऱ्याशी बोलतोय. सहाही टेबलं जोडलेली आहेत."

ती बाई पुन्हा आली नाही. महिन्याभरानं टेम्पोवाल्यानं सांगितलं, तिनं आमच्याकडे दूध घालणं सोडलं, आता दुसऱ्या डेअरीला घालते. भाऊसाहेबांना ते कृतघ्नपणाचं वाटलं. मी वहीतून तिच्या वस्तीचं पान काढून पाहिलं. आधीच्या वर्षांत तिच्या गाईंच्या सात नोंदी होत्या, सगळ्या माझ्या अक्षरात. तिनं बरोबर केलं, असं मी मोठ्यानं म्हणाले. भाऊसाहेबांनी ऐकलं आणि कागदात डोकं घातलं.