मला चिखल दाखवा

द्वारका चौकाजवळ गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या चाचांचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना त्यांची नजर वायरवर असते, माणसाकडे क्वचितच जाते.

मी जनावरांची डॉक्टर. पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर जाते. माझ्या जीपची पुढची चाकं गरजेला आपोआप इंजिनाला जोडणारी यंत्रणा बिघडली, तेव्हा दोन गॅरेजांनी हात वर केले. चाचा म्हणाले, "आपोआप नाय होत ना, मग हाताने करू."

तीन दिवस खपून त्यांनी स्टिअरिंगशेजारी एक बटण बसवलं. दाबलं की हिरवा दिवा लागायचा. मी किल्ली मागितली, तर देईनात.

"दिवा लागला म्हणजे चाक फिरलं, असं नाय मॅडम. मला चिखल दाखवा."

दुकान बंद करून ते माझ्याबरोबर पेठ रस्त्यावरच्या एका ओल्या चढावर आले. गाडी मध्येच रुतली. दिवा लागलेला, पण पुढची चाकं ढिम्म. चाकांमागे दगड लावून चाचा गाडीखाली शिरले आणि तासाभराने चिखलाने माखून बाहेर आले.

"आता दाबा."

पुढच्या चाकांनी माती धरली आणि गाडी वर गेली. मला हायसं वाटलं. चाचा मागून चालत आले.

"परत खाली घ्या. एकदा चढली, ते नशीब पण असेल."

त्या दुपारी आम्ही तो चढ तीनदा चढलो.