कोंडाजीबाबांचे पांढरे दगड

कोंडाजीबाबांना स्वच्छतेचं वेड होतं. पंचवीस वर्षं त्यांनी खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या रुळांवर काढली. तिथे मोठा साहेब येणार म्हटलं की रुळाकडेच्या दगडांना चुना आणि झाडांच्या बुंध्यांना गेरू लागे. एकदा तर त्यांनी भरात येऊन झाडाखाली झोपलेल्या मुकादमाच्या जोड्यांनाही चुना फासला होता.

नोकरी संपल्यावर लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांच्या मंडळाने त्यांना कुसगावच्या शिवेवर, इंद्रायणीकाठच्या हौदांवर राखणदार नेमलं. बंगल्यांचं सांडपाणी आधी एका हौदात निवळे, मग दगडांनी भरलेल्या दुसऱ्या हौदातून झिरपे आणि शेवटी एका खड्ड्यातून नदीला मिळे. त्या खड्ड्यात बाबांनी मासोळ्या सोडल्या होत्या. मासोळ्या जित्या, तर पाणी चोख.

भाऊबंद टोचून म्हणत, "कोंडाजी, रेल्वे सोडून घाण राखाया बसलास व्हय?"

"घाण न्हाई, नदी राखतोय," बाबा म्हणत.

त्यांची लेक बयाबाई खाली मळवलीला दिलेली होती. चैत्र-वैशाखात इंद्रायणीची धार करंगळीएवढी होते. वरून जे येईल तेच खालच्यांच्या हंड्यात. बाबांनी लेकीला सांगून ठेवलं होतं, "मी हितं बसलोय तवर तू बिनघोर पाणी भर."

चौतीस सालच्या उन्हाळ्यात पुण्याहून इंजिनियर हौद बघायला येणार होते. मी तेव्हा लोणावळ्यात मास्तर होतो, आणि संध्याकाळी फिरत जाऊन बाबांची थट्टा करणं हा माझा नेमाचा उद्योग होता. दगडांवर काळपट-हिरवा, बुळबुळीत थर चढलेला. मी म्हणालो, "बाबा, साहेब येणार आणि तुमच्या दगडांनी जन्मात आंघोळ केलेली दिसत नाही!"

एरवी बाबा माझ्या दुप्पट हसायचे. त्या दिवशी दगडांकडे बघत राहिले. "खरं हाय मास्तर. लय लाजिरवानं दिसतंय."

पुढचे चार दिवस बाबा आणि त्यांची बायको विठाबाई दगड उपसत होते. एकेक दगड काथ्याने घासला, चुन्याच्या पाण्यात बुडवला, पुन्हा रचला. हौद लग्नाच्या मांडवासारखा झळकू लागला. मी तोंड भरून शाबासकी दिली. हेही लिहून ठेवायला हवं.

इंजिनियर आले. बाबा धुतलेलं मुंडासं बांधून, छाती काढून उभे. साहेबांनी हौदात पाहिलं आणि टोपी काढून कठड्यावर बसले.

"हे कोणी केलं?"

"म्या केलं, सायेब!"

"अहो बाबा," ते अगदी हळू म्हणाले, "तो बुळबुळीत थरच पाणी साफ करत होता. त्यातले बारीक जीव घाण खातात. तुम्ही कामकरी हाकलून नुसती जागा झाडून ठेवलीत. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं."

बाबा खड्ड्याकडे धावले. मासोळ्या पांढरी पोटं वर करून तरंगत होत्या.

मग बाबा तसेच वळले आणि भर उन्हात काठाकाठाने मळवलीकडे निघाले. वाटेत प्रत्येक पाणवठ्यावर थांबून सांगत होते, "बायांनो, हितलं पाणी भरू नगा. माझ्या हातनं चूक झालीया." मळवलीला पाणवठ्यावर बयाबाईची सासूच उभी होती.

"बापानं लेकीच्या घरी आंदण धाडलं म्हनायचं!" ती म्हणाली.

बयाबाई सासूच्या मागेच होती. भरलेला हंडा तिने तिथेच पालथा केला.

दगडांवर पुन्हा थर धरायला अडीच महिने लागले. नव्या मासोळ्या जगल्या. पाणी पहिल्यासारखं झालं, आणि दगडाला बोट लावायची आता कुणाची छाती नव्हती. पण बयाबाई पाण्याला मैलभर लांबच्या विहिरीवरच जात राहिली. वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली.

एकदा बाबांसोबत मीही तिच्याकडे गेलो होतो. बाबांनी दगड धुतले ते माझ्या थट्टेमुळे, हे तिला सांगायचं, असं ठरवूनच गेलो होतो. आम्ही उंबऱ्यात टेकताच तिने बापापुढे तांब्या धरला. बाबा तांब्यात डोकावून पाहू लागले.

"प्या आबा," ती मायेनेच म्हणाली, "इहिरीचं हाय."

बाबांनी घोट घेतला. "बरं केलंस, पोरी," म्हणाले.

मी मात्र थट्टेचं न सांगताच उठलो. परतताना बाबा नदीच्या बाजूने न येता सडकेने आले.