श्रावणातला एक घास

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच नाही. तिला कळलं तर ती पुढच्या विमानाने येईल आणि आधी माझी भांडी घासून काढेल. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही.

तर, मी डुक्कर खाते. बसा हो, एवढ्यात उठू नका, खरा गुन्हा हा नव्हेच. चातुर्मासात कांदा-लसूणही बंद, अशा पुण्याच्या घरात मी वाढले. इंग्लंडात ब्रॅकनेलला नोकरीला आले आणि ऑफिसातल्या ऋचाशी मैत्री झाली. ऋचा रत्नागिरीची, मासे खाऊन वाढलेली. एका शनिवारी दुपारी तिने मला कोरियन हॉटेलात नेलं. मी आपली भात-भाजी मिळेल या आशेवर गेले होते. समोर आलं काय? आलं-कांदा घालून मऊ उकडलेलं डुकराचं मांस, त्याचे पातळ काप, कच्ची कालवं, शिंपल्यांतल्या वाफाळत्या तिसऱ्या, तिखटजाळ मुळा आणि खारवलेली कोबीची पानं. पानावर काप ठेवायचा, वर कालव, मुळा, मग पान दुमडून अख्खं तोंडात. अर्धं चावायचं नाही, तशी रीत आहे. ऋचाने पहिला घास मला भरवला. मी नको म्हटलं का? छे! दुसऱ्यासाठी तोंड उघडूनच बसले. पुढे महिन्यातले दोन शनिवार तिथेच जायला लागले. घरच्यांच्या लेखी मी तेव्हा लायब्ररीत असे.

आता हे सांगायला हवं, की इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीचे नैवेद्याचे मोदक ऋचा करायची. काय हात होता तिचा! पारी अशी पातळ की आतलं सारण दिसावं. वर्षभर ती त्या दिवसाची वाट बघायची. रत्नागिरी सोडल्यावर आपलं असं तेवढंच उरलंय, हे ती एकदा मला म्हणाली होती. म्हणजे मला माहीत होतं. नीट माहीत होतं.

गेल्या वर्षीची गोष्ट. श्रावण चालू होता. श्रावण ऋचा पाळत नाही आणि तसं उघड सांगते. मी पाळते. म्हणजे, सगळ्यांना तसं वाटतं. आम्ही खिडकीजवळ बसलो होतो, माझ्या तोंडात नुकताच एक अख्खा घास गेला होता, आणि काचेतून आम्हाला बघून सुमनकाकू हौसेने आत आल्या. काकू म्हणजे मंडळाच्या नैवेद्याच्या सर्वेसर्वा. स्वभावाने लोणी, पण नियमाला कडक. त्यांनी ताट पाहिलं. मग माझे फुगलेले गाल पाहिले.

"तू काय खातेयस गं?"

बोलणार कशी? घास चावता येईना, टाकता येईना, डोळ्यांतून मुळ्याचं पाणी. कसाबसा गिळला. तेवढ्यात खरं बोलायला वेळ होता, विश्वास ठेवा. मी ताट ऋचाकडे सरकवलं आणि म्हटलं, "कोबी, काकू. नुसता कोबी. मी हिला कंपनी द्यायला आलेय."

ऋचाने माझ्याकडे पाहिलं. अगदी एक क्षण. मग काकूंना म्हणाली, "हो काकू, हिला तर वाससुद्धा सहन होत नाही."

काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या गेल्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारचं टेबल वळून बघायला लागलं. मला वाटलं, चला, सुटलो. सुटले होते ती मी एकटीच, हे कळायला आठवडा लागला. श्रावणात डुक्कर खाणारीच्या हातचा नैवेद्य नको, असं मंडळात ठरलं. मोदक माझ्याकडे आले. ऋचाला कार पार्किंग सांभाळायचं काम दिलं. आणि हे तिला कळवायचं काम कुणाकडे? मी फोनही केला नाही. मेसेज टाकला, वर हात जोडलेली दोन चित्रं. तिने उकडीचं सगळं प्रमाण लिहून पाठवलं आणि खाली, "पिठी जुनी घेऊ नकोस, पाऱ्या फाटतात."

चतुर्थीला मोदक सुरेख झाले. एकही फुटला नाही. आरतीनंतर काकूंनी सगळ्यांसमोर एक उचलून दाखवला आणि म्हणाल्या, नैवेद्याला हातही तसाच लागतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दारात पिवळं जॅकेट घातलेली ऋचा उभी होती, तीही वाजवत होती. आणि मी? मी खाली वाकले आणि काकूंचा आशीर्वाद घेतला.

काल काकूंचा फोन आला होता. यंदाचे मोदकही मीच करावेत म्हणाल्या. मी हो म्हटलं.